किती घेतील आणि काय भरतील?

दाढ दुखायला लागली की आपल्याकडे आधी लवंग आठवते. मग लवंगेचं तेल, मग शेजाऱ्यांच्या डब्यातली एखादी वेदनाशामक गोळी. हे सगळं हरलं की प्रश्न निघतो, "किती घेतील?" डॉक्टर नेमकं काय करतील, हे फारसं कुणी विचारत नाही. किती घेतील, एवढंच. मी याला चिक्कूपणा म्हणणार नाही. आमच्या सोलापुरात यंत्रमागावरचा पगार आठवड्याचा. तो हातात येतो तेव्हा त्याच्यावर किराणा, भाडं, शाळेची फी असे पाचसहा जण आधीच नाव लिहून बसलेले असतात. दाढेचा नंबर शेवटी लागतो, आणि तोवर ती काढून टाकण्याच्या लायकीची झालेली असते.

श्रोतेहो, मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. कविता करतो. दातांवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की वर्णमालेतले त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण मला रोज लागतात. पुढचा दात अर्धा तुटला की 'साधासुधा' हा शब्द किती अवघड होतो, ते कविसंमेलनात उभं राहिल्यावर कळतं. आणखी एक कारण आहे. गेल्या दोन वर्षांत माझा स्वतःचा पुढचा दात, माझ्या भाच्याची दाढ आणि त्याच्या आठ वर्षांच्या मुलीची दाढ अशा तीन निमित्तांनी मी दातांच्या दवाखान्यात पुष्कळ बसलो. बसलो की विचारायची मला खोड आहे. आमच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण समजावून सांगण्याचा त्यांना कंटाळा नाही. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि नंतर वाचून ताडून पाहिलेलं आज सांगतो.

दाताला खड्डा पडतो तो किडा खातो म्हणून, असं आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो. माझ्या लहानपणी आठवडी बाजारात दाताचे किडे काढणारे बसत. बियांची धुरी द्यायची, नळी तोंडाशी धरायची आणि शेवटी पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक 'किडे' दाखवायचे. वाटीत जे काही तरंगत असे ते दाढेतून आलेलं नसे, एवढं नक्की. दाढेत अळी नसते. असतात ते जिवाणू, डोळ्यांना न दिसणारे. दातावर साचलेल्या चिकट थरात ते राहतात, आपण खाल्लेली साखर आणि पिठूळ पदार्थ खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातली आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दाताच्या वरच्या कवचातले क्षार विरघळू लागतात. थोड्या वेळाने लाळ आम्ल धुऊन काढते आणि विरघळलेले क्षार काही प्रमाणात परत बसवते. हा जमाखर्च दिवसभर चालू असतो. म्हणून एका बैठकीत दोन पेढे खाणाऱ्यापेक्षा दिवसातून आठ वेळा गोड चहाचा अर्धा कप घेणाऱ्याचे दात लवकर जातात. लाळेला सावरायला तो वेळच देत नाही.

दाताचं बाहेरचं कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. पण त्यात नस नाही. त्याच्या आत पिवळसर, थोडा मऊ थर असतो, त्यात सूक्ष्म नळ्या असतात. आणि अगदी आत, पोकळीत, नस आणि रक्तवाहिन्या. कीड कवचात असते तेव्हा काहीच जाणवत नाही. दुसऱ्या थरात गेली की थंड पाण्याने, बर्फीने चमक येते आणि लगेच जाते. नसेपर्यंत पोचली की गरम चहानेही ठणका लागतो, मिनिटं मिनिटं थांबत नाही, रात्री झोपेतून उठवतो. दाढ दुखत नाही म्हणजे बरी आहे, हा हिशेब म्हणूनच चुकतो. दुखायला लागते तेव्हा स्वस्तातले दोन टप्पे आपण मागे टाकलेले असतात.

खड्डा कोरून साफ करणं ही काही आजची विद्या नाही. बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथे सापडलेल्या नवाश्मयुगीन सांगाड्यांमध्ये दगडी टोकाने भोकं पाडलेल्या दाढा मिळाल्या. वय साडेसात ते नऊ हजार वर्षं. नऊ माणसांच्या अकरा दाढा, आणि माणसं भोकं पाडल्यानंतरही जगली होती, कारण भोकांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झालेल्या दिसतात. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झालं. स्लोव्हेनियात सापडलेल्या साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या एका दातात मधमाश्यांचं मेण भरलेलं आढळलं. भूल न देता, गारगोटीच्या टोकाने! आपण सुई पाहून खुर्चीत मागे सरकतो.

आता भरण्याच्या वस्तूंकडे येतो. आमच्याकडे लोक त्यांना तीन नावांनी ओळखतात: चांदी, सिमेंट आणि दाताच्या रंगाचं. सरसकट म्हणायचं झालं तर 'मसाला'. ही नावं मला आवडतात, कारण त्यांतून पुष्कळसं खरं कळतं आणि थोडं खोटंही.

चांदीचंच पाहा. तिच्यात चांदी असते हे खरं, पण वजनाने निम्मा असतो पारा. चांदी, कथील आणि तांबं यांची भुकटी पाऱ्यात घोटली की लोण्यासारखा मऊ गोळा होतो, तो खड्ड्यात दाबून बसवता येतो, आणि काही मिनिटांत घट्ट होऊ लागून चोवीस तासांत दगडासारखा होतो. चीनमध्ये सातव्या शतकातल्या वैद्यकग्रंथात अशा लेपाचा उल्लेख आहे. अमेरिकेत तो १८३३ साली पोचला आणि तिथल्या दंतवैद्यांत त्याच्यावरून एवढं भांडण झालं की हा मसाला वापरणार नाही अशी शपथ सभासदांकडून घेणारी संस्था अखेर स्वतःच मोडली. पुढे १८९५ च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक या दंतवैद्याने धातूंचं प्रमाण नीट बसवलं आणि त्यानंतर जवळपास शतकभर दाढ भरणं म्हणजे चांदी भरणं, असंच होतं. माझ्या पिढीच्या तोंडात ती अजून आहे. तिचे गुण साधे. स्वस्त, टणक, भरताना थोडी लाळ लागली तरी चालवून घेणारी, आणि दहा-पंधरा वर्षं सहज टिकणारी. दुर्गुणही साधे. काळी दिसते, आणि दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरावा लागतो, म्हणजे थोडा चांगला दातही जातो.

आणि पारा? इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या शब्दाची भीती घालून बरीच दुकानदारी चालते. आमच्या घरी एका सकाळी हाच प्रसंग घडला. माझी पत्नी दात साफ करून घ्यायला एका दवाखान्यात गेली आणि परत आली ती कागद घेऊन. चार जुन्या चांदीच्या दाढा, "विषारी पारा" म्हणून चारही कोरून काढायच्या, नवीन भरायच्या, एकूण चौदा हजार. चारही दाढा वीस वर्षांच्या, एकही दुखत नव्हती, कडांना फट नव्हती. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून पाहिला आणि म्हणाल्या, "काकी, या जशा आहेत तशा राहू द्या. कोरताना उलट जास्त वाफ निघेल, आणि दातही जाईल."

हे त्यांचं वैयक्तिक मत नव्हतं. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने २०२० साली दिलेला सल्ला असा आहे: गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, विशेषतः सहा वर्षांखालची, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण, पाऱ्याची ॲलर्जी असलेले लोक यांना शक्यतो नव्याने चांदी भरू नये. पण चांगल्या अवस्थेतली जुनी चांदी निव्वळ पाऱ्याच्या भीतीने काढू नये, असंही त्याच सल्ल्यात आहे. त्याआधी २००६ साली अमेरिका आणि पोर्तुगालमधल्या दोन मोठ्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या होत्या. प्रत्येकीत पाचशेहून अधिक मुलं, काहींना चांदी, काहींना दाताच्या रंगाचा मसाला, आणि अनेक वर्षं त्यांची स्मरणशक्ती, हालचाली वगैरे तपासल्या. चांदीमुळे मेंदूवर परिणाम झाल्याचं आढळलं नाही.

मग जग चांदी का सोडतंय? कारण पारा आपल्या तोंडापेक्षा गटारात जास्त त्रास देतो. जपानमधल्या मिनामाता गावाच्या खाडीत कारखान्याने पारा सोडला, तो माशांत गेला, माशांतून माणसांत गेला, आणि १९५० च्या दशकात तिथे घरोघरी लुळी माणसं दिसू लागली. त्या गावाचं नाव दिलेला पाराबंदीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला. भारत २०१८ साली त्यात सामील झाला. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं जवळजवळ बंद केलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत सर्व सदस्य देशांनी २०३४ पर्यंत ती संपवायचं ठरवलं. आमच्या शहरात खासगी दवाखान्यांत चांदी भरणारे डॉक्टर आताच शोधावे लागतात. तेव्हा 'चांदी की दुसरं काही' हा प्रश्न यापुढे फार दिवस उरणार नाही. ज्यांच्या तोंडात ती आहे त्यांनी फक्त एवढं लक्षात ठेवावं: फुटली, सुटली किंवा कडेने कीड लागली तर बदलायची, नुसत्या भीतीपोटी नाही.

दाताच्या रंगाचा मसाला म्हणजे कॉम्पोझिट. राळेसारखं एक रसायन आणि त्यात काचेची बारीक भुकटी. १९५५ साली मायकेल बुओनोकोर या दंतवैद्याने दाखवून दिलं की दाताचं कवच आम्लाने किंचित खरखरीत केलं तर त्याला प्लास्टिकसारखा पदार्थ घट्ट धरतो. १९६२ साली राफेल बोवेनने योग्य राळ तयार केली. आज जे घडतं ते या दोन शोधांवर उभं आहे. आधी दात कोरडा करायचा, मग निळ्या रंगाचं आम्ल काही सेकंद लावून धुवायचं, मग चिकट द्रव, मग मसाल्याचा दोनेक मिलिमीटरचा थर, त्यावर वीसेक सेकंद निळा प्रकाश, पुन्हा थर, पुन्हा प्रकाश. मग आकार आणि झिलई. खड्डा मुद्दाम रुंद करायचा नाही, कीड गेली तेवढाच भाग जातो. आणि केलेलं काम दिसत नाही. माझा पुढचा दात असाच बसवला. परवाच्या संमेलनात 'स'ची शिट्टी वाजली नाही, आणि मित्रांपैकी कुणाला दात नवा असल्याचंही कळलं नाही.

पण हा मसाला लाडावलेल्या पाहुण्यासारखा आहे. लाळेचा किंवा रक्ताचा एक थेंब मध्ये आला की तो नीट चिकटत नाही. प्रकाशाने घट्ट होताना किंचित आक्रसतो, म्हणून एकदम मोठा गोळा भरला तर कडेला फट राहते आणि त्या फटीतून पुन्हा कीड शिरते. मागच्या दाढांमध्ये चांदी आणि कॉम्पोझिट यांची तुलना करणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१४ साली आला आणि २०२१ साली पुन्हा तपासला गेला. त्यात कॉम्पोझिट निकामी होण्याचा धोका चांदीच्या जवळपास दुप्पट दिसला, आणि मुख्य कारण हेच, कडेने पुन्हा लागलेली कीड. या मसाल्यात हात आणि वेळ यांवर सगळं अवलंबून आहे. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मसाल्याचे पैसे थोडेच असतात. मी तुमच्याकडून घेते ते पाऊण तास दाढ कोरडी ठेवण्याचे." म्हणून पंधरा मिनिटांत दोन दाढांच्या मधला खड्डा भरून देणाऱ्याचं कौतुक करण्याआधी विचार करावा. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावून काम करणारे डॉक्टर मिळाले तर थोडे जास्त पैसे गेले तरी हरकत नाही.

तिसरं सिमेंट. बिल्डिंगशी याचा संबंध नाही, पण पूड आणि द्रव कालवून लावतात, म्हणून नाव बसलं. डॉक्टर त्याला ग्लास आयोनोमर म्हणतात. विल्सन आणि केंट या दोघा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९७० च्या आसपास ते तयार केलं. याची मोठी गोष्ट म्हणजे ते दाताला आपोआप चिकटतं, थोडा ओलावा सहन करतं आणि आपल्यातलं फ्लोराइड हळूहळू सोडत राहतं. १९८० च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या गावांमध्ये, नुसत्या हाताच्या हत्यारांनी मऊ कीड खरवडून हेच सिमेंट भरायची पद्धत सुरू झाली. ना मशीन, ना बहुतेकदा सुई. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे सिमेंट आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दुबळेपणा एकच, पण मोठा: चावण्याचा जोर ते फार सोसत नाही. आणि सोलापूरकर जे खातात ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमची कडक भाकरी महिना महिना टिकते, ती शेंगाचटणीबरोबर दाढेखाली मोडताना जो आवाज येतो तो पलीकडच्या खोलीत ऐकू जातो. दोन दाढांच्या मधल्या मोठ्या खड्ड्यात साधं सिमेंट भरलं तर त्या भाकरीपुढे ते किती दिवस उभं राहणार?

सिमेंट कुठे शोभतं, तर लहान मुलांत, हिरडीजवळच्या खाचेत, म्हाताऱ्या माणसांच्या मुळाशी लागलेल्या किडीत, आणि तात्पुरतं थांबवायचं असेल तेव्हा. भाच्याच्या मुलीच्या दाढेत तेच भरलं. त्या दाढेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे घरोघरी फसगत होते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला मुलाच्या तोंडात सर्वांत मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठला दुधाचा दात पडत नाही, ती गुपचूप येते. आईवडिलांना वाटतं, ही दुधाचीच, पडून जाईल. ती पडत नसते. तीच आयुष्यभराची पहिली कायमची दाढ, आणि तिच्यावरच्या खाचा खोल असतात, त्यांत बिस्किटाचा चिखल बसून राहतो. माझी बहीण, म्हणजे मुलीची आजी, डॉक्टरांना सांगत होती, "दुधाचा दात आहे, काढून टाका, कशाला पैसे घालवायचे?" डॉक्टरांनी आरसा धरून आपाला मोजून दाखवलं, "मावशी, ही सहावी. ही हिला नातवंडं होईपर्यंत लागणार आहे." आपा गप्प झाली. तिच्या स्वतःच्या चारही सहाव्या दाढा तिशीच्या आत गेल्या होत्या. विडी वळण्याच्या कामात तंबाखू हाताशी, आणि दात दुखला की मिश्री लावायची, ही त्या वेळची रीत होती. मिश्रीने दुखणं बधिर होतं, पण तीही तंबाखूच, हिरड्या आणि गालाचं आतलं कातडं खराब करणारी.

आता पैशांचं. २०२५ साली मी आमच्या भागातल्या तीन दवाखान्यांत विचारलं, त्यातून कळलं ते असं. सिमेंट चारशे ते आठशे रुपये. कॉम्पोझिट हजारापासून दोन हजारांपर्यंत, दोन बाजूंचा खड्डा असेल तर वरच्या अंगाला. दाढ काढणं तीनशे ते सहाशे. रूट कॅनाल साडेतीन ते पाच हजार, आणि त्यावरची कॅप धातूची असेल तर अडीच-तीन हजार, झिर्कोनियाची दहा-बारा हजार. पुण्या-मुंबईत हे आकडे वाढतात. एकाच कामाचे दोन ठिकाणी दोन भाव ऐकून लगेच कुणाला चोर म्हणू नये. निर्जंतुकीकरणाचं यंत्र, एक्स-रे, चांगली प्रकाशाची बंदूक, जागेचं भाडं हे सगळं त्या हजारात असतं. पण भाव विचारताना नुसतं "फिलिंगचे किती?" असं विचारू नये. दाढेच्या किती बाजू गेल्यात, एक्स-रेत नस किती दूर आहे, कोणता मसाला आणि का, आणि तो निघाला तर पुन्हा काय घ्याल, हे विचारावं. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. बहुतेक आरोग्यविम्यांत अपघात सोडला तर दाताचा खर्च मिळत नाही, त्यामुळे हे पैसे खिशातूनच जायचे. ज्यांना तेही जड आहेत त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचं आहे, आणि बऱ्याच जिल्ह्यांत खासगी दंत महाविद्यालयंही कमी दरात काम करतात. तिथे शिकणारी मुलं काम करतात, शिक्षक तपासतात. वेळ जातो, दोन-तीन खेपा होतात. रोजंदारीवाल्याला त्या खेपांचीही किंमत असते, हे मात्र कुणी दरपत्रकात लिहीत नाही.

भाच्याची गोष्ट इथे येते. वय चौतीस, यंत्रमागावर जॉबर, रात्रपाळी, आणि जागं राहायला मावा. खालच्या उजव्या दाढेला दोन दाढांच्या मधून कीड. थंड पाण्याने चमकायची, लगेच थांबायची. पहिल्या दवाखान्यात एक्स-रे न काढता रूट कॅनाल आणि कॅप सांगितली, अकरा हजार. तो सरळ माझ्याकडे आला, "मामू, चारशे रुपयांत काढून टाकतो. पोरीची फी भरायची आहे." हा हिशेब त्याच्या बाजूने बरोबर होता. पण काढलेल्या दाढेचा खर्च चारशेवर थांबत नाही. मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलंडते, वरची दाढ समोर कुणी नाही म्हणून खाली उतरते, त्यांच्यात अन्न अडकतं, मग त्यांना कीड. आणि पुढे दात बसवायचा म्हटलं तर ब्रिज किंवा इम्प्लांट, ते दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत.

आमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कीड खोल होती, पण नसेच्या आधी पातळ थर शिल्लक दिसत होता, आणि चमक लगेच थांबत होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आत औषधाचा थर देऊन वर कॉम्पोझिट भरते. अठराशे रुपये. नस पुढे तक्रार करणार नाही याची हमी मी देत नाही. केली तर रूट कॅनाल करावं लागेल, त्यातून हे पैसे वजा करीन." भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "दाढ तुझी, चावणार तू. तू ठरव." त्याने विचारलं, आणि हा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटला, "मॅडम, माझीच दाढ तुमच्या भावाची असती तर?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "भरली असती. आणि मावा बंद करायला लावला असता."

रमजानचा महिना चार दिवसांवर होता, म्हणून काम त्याच आठवड्यात उरकलं. रोज्यात तोंडात पाणी, औषध घेण्याची अडचण नको म्हणून पुष्कळ लोक दात पुढे ढकलतात, आणि ईदच्या शीरखुर्म्याला ठणका घेऊन बसतात. बरेच डॉक्टर इफ्तारनंतरची वेळ देतात, मागून घ्यावी. पहिले दोन दिवस भाच्याला चावताना ती दाढ आधी लागायची. तो सोसत बसला होता. आपाने ओरडून परत पाठवला. डॉक्टरांनी निळा कागद चाववून उंच राहिलेला ठिपका दाखवला, दोन मिनिटांत घासून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. नवीन भरलेला दात दोन-तीन दिवस किंचित चमकला तर चालतं. पण चावताना उंच लागत असेल तर वाट पाहू नये, नाहीतर चांगली भरलेली दाढ निव्वळ दाबाने दुखायला लागते.

त्याच्या अक्कलदाढेचं काय केलं, तर ती काढली. आडवी, सडलेली, समोर कुणी नाही. तिथे मसाला भरणं म्हणजे पडक्या घराला रंग देणं. प्रत्येक दात वाचवलाच पाहिजे असं नाही, हेही डॉक्टरांनीच सांगितलं.

एक प्रश्न मला बरेच लोक विचारतात, मिस्वाक किंवा कडुनिंबाची काडी पुरेशी नाही का? माझे अब्बा शेवटपर्यंत मिस्वाकच वापरत आणि त्यांचे दात उत्तम होते. काडी नीट चघळून, कुंचला करून, सगळ्या बाजूंनी फिरवली तर बाहेरचा भाग छान साफ होतो. पण भाच्याची कीड लागली ती दोन दाढांच्या मधल्या भिंतीला. तिथे काडी पोचत नाही आणि ब्रशही पोचत नाही, दोरा पोचतो. आणि काडीबरोबर फ्लोराइडची पेस्ट रात्री झोपण्याआधी एकदा लावली तर काडीचा अपमान होत नाही.

मुलीच्या भरलेल्या दाढेला आता वर्ष होत आलं. सिमेंटची एक कड थोडी झिजली आहे. डॉक्टर म्हणतात, वाढत्या वयात हे चालायचं, गरज पडली तर वर कॉम्पोझिटचा थर देता येईल. उरलेल्या तीन सहाव्या दाढांच्या खाचा मात्र त्यांनी पातळ मसाल्याने आधीच बुजवून टाकल्या, कीड लागण्याआधी, कोरल्याशिवाय, दाढेमागे पाचशे रुपये. भाच्याने ते पैसे दोन हप्त्यांत दिले. पहिला हप्ता माव्याच्या पैशांतून निघाला असं तो सांगतो. आपाचा अजून त्यावर विश्वास बसलेला नाही.